फोन कोणी कोणाला केला, ते आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठ नागरिकांच्या संगणकाचा ताबा घेऊन खात्यातले पैसे लंपास केल्याच्या बातम्या आपण सातत्याने छापता. बातमीखाली बहुधा एक चौकट असते: 'स्क्रीन शेअर करणारं कोणतंही ॲप घेऊ नका.' सल्ला काळजीपोटी दिलेला असतो हे मला कळतं. पण तो अर्धाच आहे. ज्यांची वडीलधारी माणसं लांब राहतात, त्यांच्यासाठी हीच ॲप्स म्हणजे दुसऱ्या टोकाला पोचायचा एकमेव रस्ता असतो. तो रस्ताच बंद करा म्हटलं, तर अडलेलं माणूस एक तर अडूनच राहतं, नाही तर नेटवर सापडेल त्या 'कस्टमर केअर'च्या नंबरवर फोन लावतं, आणि नेमकं तिथेच गळाला लागतं. राहिलेला अर्धा सल्ला कोणी देत नाही, म्हणून हे पत्र.

मी संगणकशास्त्र शिकवते. माझे मोठे मामा ऐंशीकडे झुकले आहेत आणि एकटे राहतात. आमच्यामध्ये रात्रभराच्या प्रवासाचं अंतर आहे. त्यांची मेल, बँक, डॉक्टरांचे रिपोर्ट, स्कॅन करून ठेवलेली जुनी पत्रं, सगळं त्या एका संगणकात आहे. तो अडला की त्यांचा दिवस अडतो. गेली काही वर्षं त्यांच्या संगणकाची दुरुस्ती मी इथूनच करते आहे. खरं तर 'मी करते' हे बरोबर नाही, करतात तेच. कसं, ते एका प्रसंगावरून सांगते.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. "अगं, व्हायरस लागलाय बहुतेक. उजव्या कोपऱ्यात सारखी लाल पाटी येते, टुंग वाजते आणि इथे दाबा म्हणते."

"मामा, दाबलंत का तुम्ही?"

"नाही. तुला विचारल्याशिवाय कसं दाबीन?"

विंडोजमध्ये दुसऱ्याचा पडदा दुरून बघायची आणि त्याने होकार दिला तर त्याचा संगणक चालवायची 'क्विक असिस्ट' नावाची सोय आहे. २०१६ पासून विंडोज १० मध्ये ती मिळू लागली. कंट्रोल, विंडोजचं बटण आणि क्यू ही तिन्ही बटणं एकदम दाबली की ती उघडते. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जावं लागतं. मदत घेणाऱ्याला खातं लागत नाही. मला एक सहा अक्षरांचा कोड मिळाला, तो मी फोनवर वाचून दाखवला, मामांनी तो टाकला. हा कोड १० मिनिटंच चालतो. त्यानंतर त्यांच्या पडद्यावर प्रश्न येतो: तुमचा पडदा दाखवू का? त्यांनी हो म्हटलं आणि मला त्यांचा पडदा दिसू लागला. दिसू लागला, एवढंच. माउस हलवायचा असता तर मला वेगळी विनंती करावी लागली असती आणि त्यांना वेगळा होकार द्यावा लागला असता. या दोन परवानग्या वेगळ्या ठेवणाऱ्याने फार विचार करून ठेवल्या आहेत. निम्म्याहून जास्त वेळा नुसतं बघून काम भागतं, आणि मी पहिल्यांदा नेहमी बघण्याचीच परवानगी मागते.

पाटी आली. दिसायला अगदी अँटिव्हायरससारखी, ढाल वगैरे काढलेली. "मामा, त्या पाटीवर बारीक अक्षरात काही लिहिलंय का बघा." त्यांनी चष्मा बदलला, वाचलं. ब्राउझरचं नाव आणि कुठल्याशा अनोळखी वेबसाइटचा पत्ता. तिथेच निदान झालं. व्हायरस नव्हता. कधीतरी एखादी बातमी वाचताना 'नोटिफिकेशन दाखवू का?' असं वेबसाइटने विचारलं असणार आणि पुढचं वाचता यावं म्हणून 'अलाउ' दाबलं गेलं असणार. तेवढ्या परवानगीवर ती साइट ब्राउझरकरवी हव्या त्या पाट्या पाठवत राहते. साधा निरोप म्हणून येणारी पाटी आणि संगणकाने दिलेला इशारा एकाच कोपऱ्यात, एकाच आकारात येतात, त्यामुळे भल्याभल्यांना फरक कळत नाही.

मग मी सांगत गेले, ते करत गेले. वरचे तीन ठिपके. सेटिंग्ज. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. साइट सेटिंग्ज. नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी उघडली. "यातली तुमच्या ओळखीची कोणती?" त्यांनी एकेक नाव वाचून दाखवलं आणि जी ओळखीची नव्हती ती स्वतः काढून टाकली. नंतर विंडोजच्याच अँटिव्हायरसने सगळा संगणक तपासून घेतला. काही निघालं नाही. मी हातात माउस घेतला असता तर हे काम चुटकीसरशी झालं असतं. पण काही महिन्यांनी पुन्हा तशी पाटी आली तेव्हा मामांचा फोन आला तो ती काढून टाकल्यावर, नुसतं कळवायला. शिकवायच्या पेशात असल्यामुळे मला या फोनची किंमत ठाऊक आहे.

त्याच दिवशी एक जुना प्रोग्रॅम अपडेट करायचा होता. त्यासाठी मी माउस मागून घेतला, इन्स्टॉल दाबलं आणि माझ्याकडचा पडदा काळा झाला. बिघाड नव्हता. संगणकात मोठा बदल होणार असला की विंडोज 'हा बदल होऊ देऊ का?' असं विचारतं आणि ती चौकट बाकी सगळ्यापासून वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर उघडतं. दूर बसलेल्याला ती दिसत नाही, तिच्यावर क्लिकही करता येत नाही. "मामा, मला आता काही दिसत नाहीये. तुमच्यासमोर काय आहे ते वाचा." त्यांनी प्रोग्रॅमचं नाव वाचलं, बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाचलं. "दाबू का यस?" "आपण जे घ्यायचं ठरवलं तेच नाव आहे ना? मग दाबा." पडदा परत आला. दुरून मदत करणाऱ्या अनेकांना हा काळा पडदा जाचक वाटतो आणि ते सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करून टाकतात. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. शेवटचा होकार खुर्चीत बसलेल्या माणसाचाच असला पाहिजे, आणि संगणकात त्याची हमी देणाऱ्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यातली ही एक आहे.

आता हाच सगळा व्यवहार भामट्याच्या हाती पडला की कसा उलटतो ते बघा. मामांनी मला फोन केला होता. भामटा स्वतः फोन करतो, किंवा पडदाभर इशारा झळकवून त्यावर आपला नंबर देतो. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेलं आहे की त्यांच्या कोणत्याही इशाऱ्यात फोन नंबर नसतो. म्हणजे नंबर दिसला की तो इशारा खोटा, एवढं धरून चालायला हरकत नाही. मी आधी बघते. तो आधी ताबा मागतो. मी वाचून घेते. तो वाचायला वेळच देत नाही.

भीती घालायचे त्यांचे प्रयोगही ठरलेले आहेत. मी ते वर्गात मुद्दाम करून दाखवते. एक म्हणजे 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावायचं. ही विंडोजची रोजची नोंदवही आहे. धडधाकट संगणकातही तिथे लाल-पिवळ्या खुणांच्या रांगा असतात, कारण एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी त्याची नोंद होते. ज्याने ती कधी पाहिलेली नाही त्याला मात्र संगणक अखेरच्या घटका मोजतोय असंच वाटतं. दुसरा प्रयोग याहून धूर्त. काळ्या कमांडच्या खिडकीत 'असॉक' (assoc) टाइप करायला सांगतात. लांबलचक यादी धावत जाते आणि तिच्या तळाशी ८८८ ने सुरू होणारा एक मोठा क्रमांक येतो. "हा तुमच्या संगणकाचा खास क्रमांक. बघा, आमच्याकडेही हाच आहे," असं म्हणून भामटा तो घडाघडा वाचून दाखवतो. जुळला की समोरच्याचा विश्वास बसतो. वस्तुस्थिती अशी की तो क्रमांक विंडोजच्या एका साध्या सोयीचा आहे आणि जगातल्या बहुतेक विंडोज संगणकांवर तो तोच असतो. वर्गातल्या सगळ्या संगणकांवर मी तो एकदम काढायला सांगते. सगळीकडे तेच आकडे बघून मुलांचे चेहरे बदलतात.

कार्यालयात काम करणारी, सरावलेली माणसंही यात सापडतात. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की एक टोळी एप्रिलच्या मध्यापासून क्विक असिस्टचाच वापर करून कंपन्यांमध्ये शिरते आहे. पद्धत अशी: आधी माणसाच्या मेलबॉक्समध्ये नको असलेल्या मेलचा पूर आणायचा, आणि तो हैराण झाला की 'मी आयटी विभागातून बोलतोय, हे थांबवून देतो' म्हणून फोन करायचा. त्रास देणारा आणि मदतीला आलेला, एकच. तेव्हा ॲपचं नाव बघून काही ठरत नाही. टीमव्ह्यूअर असो, एनीडेस्क असो, क्रोम रिमोट डेस्कटॉप असो, ज्या ॲपने मी मामांची पाटी काढवून घेतली त्याच जातीच्या ॲपने दुसरा कोणी त्यांना लुटू शकतो. फरक पडतो तो फोन कोणी कोणाला केला यामुळे. अडचण माझी, फोन मी केला, नंबर माझ्या वहीतला: या तिन्ही गोष्टी असतील तरच कोड टाकायचा. आमच्या घरात हा नियम आहे आणि तो मलाही लागू आहे. मी आपणहून फोन करून "मामा, जरा कोड टाका" म्हटलं, तर त्यांनी फोन ठेवायचा आणि वहीतल्या नंबरवर मला उलट फोन करायचा. आवाजाची नक्कल आता सहज होते, त्यामुळे आवाज ओळखीचा आहे एवढ्यावर विसंबायचं नाही हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं.

लांब राहणारी मुलं-भाचरं आणखी एक गोष्ट सर्रास करतात, तिच्याबद्दल मला फार वाईट वाटतं. प्रत्येक वेळी कोड सांगायचा कंटाळा येतो म्हणून घरच्या संगणकावर कायमचा प्रवेश करून ठेवायचा. एकदा पासवर्ड किंवा पिन लावला की तिकडे कोणी खुर्चीत नसतानाही आत शिरता येतं. हेतू चांगला असतो. पण मग तो संगणक सदैव उघड्या दारासारखा राहतो, आणि किल्ली तुमच्या फोनमध्ये, तुमच्या मेलमध्ये, त्या कंपनीच्या सर्व्हरवर, इतक्या ठिकाणी पसरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या यंत्रणेत घुसखोरी झाली, आणि खबरदारी म्हणून त्यांनी वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. काही उत्साही मंडळी त्याहून पुढे जातात आणि राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून संगणक चालवायची सोय, थेट इंटरनेटवर ठेवतात. त्या पोर्टावर टकटक करणारे प्रोग्रॅम जगभर रात्रंदिवस फिरत असतात. २०१९ च्या मे महिन्यात या रिमोट डेस्कटॉपमध्ये इतकी गंभीर त्रुटी सापडली की मायक्रोसॉफ्टला २०१४ मध्येच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी कायमचा प्रवेश लागू शकतो, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण हिंडत्या-फिरत्या, शुद्धीतल्या माणसाच्या संगणकात त्याच्या नकळत येजा करण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

आणि हा प्रश्न फक्त चोरांपुरता नाही. आपण आत शिरतो तेव्हा समोर एखाद्याचं सगळं खासगी जग मांडलेलं असतं. मामांच्या डेस्कटॉपवर फाइल्सची नुसती गर्दी होती. त्यातल्या काहींना नावसुद्धा नव्हतं, नुसतेच क्रमांक. साफसफाई करायला बसलेल्या कोणाचाही हात तिथे शिवशिवेल. मी विचारलं, "मामा, या बिननावाच्या फाइल्स काय आहेत?" ते जरा थांबले. म्हणाले, "तुझ्या मामीची पत्रं टाइप करतोय. नाव काय द्यावं ते सुचेना." आम्ही त्या फाइल्स उघडल्या नाहीत. एक फोल्डर केला, मामींचं नाव त्यांनीच दिलं, आणि एकेक फाइल त्यांनीच ओढून आत टाकली. तेव्हापासून विचारल्याखेरीज कशालाही हात लावायचा नाही, मग ते कितीही अडगळीचं वाटो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगते. बँकेचं पान उघडायचं असेल तर आधी जोडणी तोडायची. पासवर्ड फोनवर उच्चारायचाही नाही. काम झालं की खिडकी मामांनीच बंद करायची आणि 'जोडणी तुटली' असं आलेलं मला वाचून दाखवायचं.

सगळं दुरून होत नाही हेही सांगायला हवं. विंडोज सुरूच होत नसेल, नेट बंद असेल, तर कुठलंच ॲप पोचत नाही. एकदा मामांचा पासवर्ड चालेना. आत जाता येत नाही म्हटल्यावर क्विक असिस्टचा प्रश्नच मिटला. मग मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला आणि त्यांनी कॅमेरा संगणकाच्या पडद्याकडे धरला. खालच्या कोपऱ्यातली भाषेची खूण बघितली तर कीबोर्ड मराठीवर गेलेला. टिंबं टिंबंच दिसत असल्याने त्यांना कळायला मार्ग नव्हता. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा म्हटलं, कीबोर्ड इंग्रजीवर आला, पासवर्ड चालला. कित्येकदा एवढाच साधा उपाय पुरतो, आणि तो संगणकात न शिरता होतो.

संपादक महोदय, आपण पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा त्यात फोन कोणी केला हे तपासण्याची ओळ अवश्य घाला. आणि ज्यांनी आधीच कोड देऊन टाकला आहे त्यांच्यासाठी दोन ओळी जास्त छापा, कारण त्या क्षणी त्यांना ओरडा नको, कृती हवी असते. यातल्या काही ॲप्समध्ये समोरच्याचा पडदा मुद्दाम काळा करण्याची सोय असते, आणि भामटे त्याआड आपला कार्यभाग उरकतात. त्यामुळे पडदा अचानक काळा झाला, माउस आपोआप हलू लागला, किंवा बँकेच्या पानावर आकडे बदललेले दिसले, तर बोलत बसू नका. फोन ठेवा. राउटरचं बटण बंद करा किंवा नेटची वायर काढा. तेही जमलं नाही तर संगणकाचं पॉवरचं बटण तो बंद होईपर्यंत दाबून धरा. त्याने यंत्राचं सहसा काही बिघडत नाही. मग कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर बँकेला कळवा, आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. तो संगणक जाणत्या माणसाने तपासेपर्यंत पुन्हा नेटला जोडू नका.

एक मागणी ही ॲप्स बनवणाऱ्यांकडेही आहे. मामांच्या पडद्यावर परवानगीची चौकट येते ती इंग्रजीत, बारीक अक्षरांत. ती मोठ्या मराठी अक्षरांत यावी: 'अमुक व्यक्ती तुमचा संगणक चालवू इच्छिते. तुम्हीच तिला फोन केला होता का?' आणि जोडणी सुरू असेपर्यंत पडद्यावर एक ठळक 'थांबवा' बटण राहावं, जे दूर बसलेल्याला कोणत्याही युक्तीने झाकता येणार नाही. मामांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली, ती मान्य करून इथे घालते: ते बटण कीबोर्डवरही असावं, कारण घाबरल्यावर माउस नेमका हाताशी सापडत नाही.

आपली,
एक नियमित वाचक